धूर त्यांचा, राख आमची! कार्बन गाडण्याच्या योजनेत बहुजन कुठे?

१९४३ सालच्या डिसेंबर महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर धनबाद परिसरातील कोळसा खाणींच्या पाहणीला गेले. मालकांनी दिलेले अहवाल वाचून ते परतले नाहीत. स्वतः खाणीत उतरले, कोळसा कसा काढला जातो ते पाहिले, मजुरांची राहती घरे पाहिली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्याच काळात विजेच्या नियोजनाचा विषयही बाबासाहेबांच्याच खात्याकडे होता. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय उद्योगधंदे वाढणार नाहीत आणि उद्योगधंदे वाढल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. कोळसा, वीज आणि मजूर या तिन्हींचा एकत्र विचार करणारा हा आपला बाप होता.

आज हे आठवण्याचे कारण आहे. ज्या कोळशावर हा देश उजळला, त्याच कोळशाच्या धुराने पृथ्वी तापत चालली आहे आणि या तापावर जगभरातील सरकारे व कंपन्या एक नवा उतारा सांगत आहेत. कार्बन पकडा आणि जमिनीत गाडा! आपल्या वस्तीत या विषयाची चर्चा होत नाही. आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती, बेरोजगारी यांतूनच आपल्याला उसंत मिळत नाही. पण ज्या विषयावर आपण बोलत नाही, त्या विषयाचा निर्णय आपल्याविना होतो आणि त्याचे ओझे मात्र आपल्याच डोक्यावर येते, हा आपला जुना अनुभव आहे. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

आधी ही योजना काय आहे ते पाहू. औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो, तेव्हा चिमणीतून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. तो वातावरणात साचून उष्णता धरून ठेवतो. नव्या तंत्रात चिमणीतला धूर एका रासायनिक द्रावणातून नेतात. द्रावण हा वायू शोषून घेते. मग द्रावण तापवून वायू वेगळा काढतात, प्रचंड दाबाखाली दाबतात आणि नळाने नेऊन जमिनीखाली साधारण ८०० मीटरहून खोल अशा सच्छिद्र खडकात सोडतात. वर घट्ट खडकाचे झाकण असले की तो तिथे अडकून राहावा, अशी अपेक्षा असते. दुसरा मार्ग म्हणजे पकडलेल्या वायूपासून काही माल बनवणे.

आपल्या देशातही याची तयारी झाली आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या विषयावर धोरणाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०५० सालापर्यंत वर्षाला ७५ कोटी टन वायू पकडण्याचे चित्र रंगवले आहे. मुंबईच्या आयआयटीत याच विषयाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. मध्य प्रदेशातील विंध्याचल वीज केंद्रात २०२२ मध्ये दिवसाला २० टन वायू पकडणारे संयंत्र बसवण्यात आले. हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण जरा हिशेब मांडा. विंध्याचलची क्षमता ४,७६० मेगावॅट आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सुमारे ११ कोटी युनिट वीज होते. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर दिवसाला एक लाख टनांहून अधिक वायू बाहेर पडतो. त्यातले पकडले जातात २० टन! प्रयोग म्हणून याला आमचा विरोध नाही. परंतु प्रयोग दाखवून प्रश्न सुटला असे कोणी सांगत असेल, तर ते बहुजनांच्या डोळ्यांत धूळफेक करणे आहे.

आम्ही विज्ञानाचे विरोधक नाही, हे आधीच स्पष्ट करतो. बुद्धांनी कालाम लोकांना सांगितले की कोणी सांगते म्हणून मानू नका, तपासून घ्या. तोच निकष इथे लावू. तपासून पाहिले तर हे तंत्र खोटे नाही, असे दिसते. नॉर्वेच्या समुद्रात स्लेपनर नावाच्या वायूक्षेत्रात १९९६ पासून वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वाळूच्या खडकात सोडला गेला. तिथे हे का झाले? कंपनीला एकाएकी निसर्गप्रेम सुचले म्हणून नाही. नॉर्वे सरकारने १९९१ मध्ये या वायूवर कर लावला आणि हवेत सोडण्यापेक्षा गाडणे स्वस्त पडू लागले. त्याच देशात ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये वर्षाला चार लाख टन वायू पकडण्याची यंत्रणा सुरू झाली. सिमेंटची गोष्ट कोळशाहून निराळी आहे. चुनखडी भाजली की तिच्या पोटातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टीत काहीही जाळा, तो निघणारच. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग असा आहे. तेव्हा सिमेंटसारख्या उद्योगात या तंत्राची गरज पडेल, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. विजेला मात्र सूर्य आणि वारा हे पर्याय आज हाताशी आहेत.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात केम्पर येथे कोळशापासून 'स्वच्छ' वीज करण्याचा मोठा गाजावाजा झाला. खर्च साडेसात अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि २०१७ मध्ये कोळशाचा नाद सोडून द्यावा लागला. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. तेलाचे भाव कोसळताच २०२० मध्ये बंद पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. कार्बन पकडण्याचा तेलाच्या भावाशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध असा की तो वायू जुन्या तेलविहिरीत दाबून तळाशी उरलेले तेल वर काढले जात होते. म्हणजे एका हाताने कार्बन गाडायचा आणि दुसऱ्या हाताने जाळण्यासाठी आणखी तेल उपसायचे! जगात आजवर पकडलेल्या वायूचा बराच मोठा भाग याच कामी आला आहे. ऑस्ट्रेलियातील गॉर्गन प्रकल्पात २०१९ पासून वायू गाडला जातो, पण ठरवलेले उद्दिष्ट काही गाठता आलेले नाही. अनेक दशकांच्या प्रयत्नांनंतर जगभरची पकडण्याची क्षमता वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास आहे आणि ऊर्जाक्षेत्रातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ३,७०० कोटी टनांच्या पुढे आहे. हजार टनांमागे दीड टनसुद्धा नाही.

पण आमचा मुख्य आक्षेप आकड्यांच्या पुढचा आहे. हे तंत्र वीज केंद्राला लावले की त्या केंद्राच्या विजेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वायू पकडण्यातच खर्च होतो. मग ग्राहकाला तेवढीच वीज द्यायची तर कोळसा अधिक जाळावा लागणार. कोळसा अधिक म्हणजे खाणी अधिक, धूळ अधिक, पाणी अधिक आणि राख अधिक. आपल्या देशी कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. ही राख जाते कुठे? मलबार हिलवर जात नाही. ती चंद्रपूरच्या दुर्गापूर-ऊर्जानगर परिसरातील घरांवर पडते, कोराडी-खापरखेड्याच्या शिवारात पडते, परळीच्या गावांत पडते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ, आपल्या दीक्षाभूमीपासून फार दूर नसलेल्या कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत, नाल्यांत शिरला. कार्बन पकडणारे यंत्र राख पकडत नाही. जगाचे हवामान सुधारल्याचे प्रमाणपत्र कंपनीला मिळेल आणि त्या प्रमाणपत्राची किंमत चिमणीखालच्या बाईचा दमा चुकता करील!

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या यंत्रणेतले रासायनिक द्रावण गंधकाच्या वायूने खराब होते. म्हणून कार्बन पकडण्याआधी धुरातला गंधक काढावाच लागतो. गंधक काढण्याचे तंत्र जुने आहे, सिद्ध झालेले आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ! शेवटी जुलै २०२५ मध्ये अधिसूचना काढून देशातील सुमारे ७८ टक्के औष्णिक केंद्रांना ही गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच देऊन टाकली. खर्च फार येतो आणि वीज महागते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. आता आम्ही विचारतो, चिमणीला साधी गाळणी लावायला ज्यांच्याकडे दहा वर्षांत पैसा निघाला नाही, ते त्याहून कितीतरी महाग असे कार्बन गाडण्याचे यंत्र कोणाच्या पैशाने लावणार? आणि पहिली पायरीच काढून टाकली असेल, तर दुसऱ्या पायरीवर चढणार कसे?

पैशाचाही इतिहास आहे. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावण्यात आला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. हेतू चांगला होता. कोळशावर कर आणि त्यातून स्वच्छ ऊर्जेला निधी. प्रत्यक्षात जमलेल्या रकमेचा मोठा भाग त्या निधीत पोहोचलाच नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला, तो उपकर राज्यांच्या भरपाईच्या खात्यात वळवला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भरपाई उपकरही कोळशावरून उठला. आपल्या वाचकांना ही कथा ओळखीची वाटेल. अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेचे शेकडो कोटी रुपये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या कामांकडे कसे वळले, हे २०१० मध्ये उघड झालेच होते. नाव आमचे, निधी आमच्या नावाचा आणि खर्च भलतीकडे! कार्बनच्या नावाने उभा राहणारा निधी या वाटेने जाणार नाही, याची हमी कोण देणार?

आता महाराष्ट्राच्या जमिनीचा प्रश्न. आपल्या राज्याचा मोठा भाग काळ्या कातळाचा, बेसाल्टचा आहे. याच कातळात भिक्खूंनी अजिंठा, कार्ले, भाजे येथील लेणी कोरली. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की या कातळात कार्बन डायऑक्साइड सोडला, तर रासायनिक क्रिया होऊन त्याचा दगड बनू शकतो. आइसलँडमध्ये तसा प्रयोग २०१२ मध्ये झाला आणि गाडलेल्या वायूचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत दगडात रूपांतरित झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. मात्र त्या पद्धतीत एक टन वायू विरघळवण्यासाठी सुमारे २५ टन पाणी लागते. आइसलँडला पाण्याची कमतरता नाही. आपल्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते! टँकर आला की पहिला हंडा कोणाचा भरतो आणि शेवटचा कोणाचा, हे आम्ही वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी आपल्या बापाने ओंजळीत घेतले, ते पाण्यावरचा माणसाचा हक्क सिद्ध करण्यासाठी. उद्या मराठवाड्याच्या कातळात वायू जिरवण्यासाठी पाणी लागले, तर ते कोणाच्या वाट्याचे कापले जाईल? गोड्या पाण्याऐवजी समुद्राचे पाणी वापरण्यावर संशोधन चालू आहे. ते जरूर व्हावे, पण मराठवाड्याला समुद्र नाही, हेही ध्यानात असावे.

सुरक्षिततेबाबत बोलायचे तर पुन्हा मिसिसिपीत जावे लागते. २२ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी याझू परगण्यातील सटार्शिया या गावाजवळ दाबलेला कार्बन डायऑक्साइड नेणारा नळ फुटला. जोराच्या पावसाने जमीन खचली होती. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तो सखल भागात पसरतो. लोक गुदमरले, काही बेशुद्ध पडले, पळून जावे तर प्राणवायूअभावी मोटारींची इंजिने बंद पडली. सुमारे २०० लोकांना हलवावे लागले, ४५ जणांना रुग्णालयात जावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. याझू हा काळ्या जनतेची बहुसंख्या असलेला परगणा आहे. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ मध्ये आपले दलित पँथर उभे राहिले, त्या काळ्या जनतेच्या संघर्षाची ही भूमी. धोक्याचे नळ कोणाच्या दारावरून जातात, हा प्रश्न तिथेही आहे आणि इथेही आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू आधी कारखान्याला लागून असलेल्या गरीब वस्त्यांत शिरला, हे आपण विसरलेलो नाही.

आणि वायूने गुदमरणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये द्यायचा आदेश दिला. तरी सफाई कामगार गटारात उतरतो आणि गुदमरून मरतो. ज्या देशाला शंभर मीटर उंच चिमणीतला वायू पकडून पाताळात गाडण्याची स्वप्ने पडतात, त्या देशाला दहा फूट खोल गटारातला वायू उतरण्याआधी तपासता येत नाही का? तंत्राची कमतरता नाही. मरणारा कोण आहे, हे पाहून तंत्र वापरायचे की नाही ते ठरते. यालाच आम्ही जातिव्यवस्था म्हणतो.

काही मंडळी म्हणतील, मग तुमची भूमिका काय? भारताने कोळसा जाळतच राहावे काय? अमेरिकेतील माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड पडतो, आपल्याकडे सुमारे दोन टन. जुने पाप पाश्चात्त्य देशांचे आहे आणि त्याची किंमत त्यांनी मोजावी, हा भारत सरकारचा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे. पण हाच न्याय देशाच्या आतही लावा! माणशी दोन टन ही सरासरी आहे. वातानुकूलित बंगला, तीन मोटारी आणि विमानप्रवास करणाऱ्याचा धूर आणि उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईचा धूर एकाच सरासरीत मिसळून तिच्या गरिबीच्या आडोशाला श्रीमंतांनी लपायचे, हा कुठला न्याय? जगाच्या व्यासपीठावर समता मागायची आणि गावात मात्र नाकारायची, हे चालणार नाही.

हवामान बदलाचा मार आजच कोणाला बसतो, तेही पाहा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार माजवला. पिके गेली, जमिनी खरडून गेल्या. पंचनामे झाले, ते सातबाऱ्यावर. शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या शेतमजुराची बुडालेली मजुरी कोणत्या पंचनाम्यात आली? २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीखालच्या जमिनीपैकी नऊ टक्क्यांहूनही कमी जमीन अनुसूचित जातींकडे आहे. लोकसंख्येत मात्र हा वाटा १६.६ टक्के. म्हणजे भूमिहीनतेचा जुना अन्याय आता हवामानाच्या नव्या संकटात दुपटीने वसूल होत आहे. कार्बन गाडला गेला तरी हा प्रश्न गाडला जाणार नाही.

म्हणून चळवळीने या विषयावर आपल्या मागण्या ठरवल्या पाहिजेत. पहिली, विजेसाठी कोळशाला पर्याय आहे तिथे कार्बन गाडण्याचे निमित्त करून जुन्या केंद्रांचे आयुष्य वाढवू नये. हे तंत्र सिमेंटसारख्या उद्योगांपुरते राहावे आणि त्याचा खर्च धूर सोडणाऱ्यानेच करावा. दुसरी, कायदा आधी आणि विहीर नंतर. युरोपच्या २००९ च्या निर्देशानुसार साठवण बंद केल्यावर साधारणपणे किमान २० वर्षे जबाबदारी कंपनीची राहते, मग ती सरकारकडे जाते. आपल्याकडे गळती झाली तर भरपाई कोण देणार, हे लिहून घेतल्याशिवाय एकही विहीर खोदू देऊ नये. तिसरी, आदिवासी भागात पेसा आणि वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेचा शब्द अखेरचा मानावा. चौथी, खाणी आणि वीज केंद्रे बंद होतील तेव्हा कंत्राटी कामगाराचे पुनर्वसन आधी व्हावे. कायम कामगाराला निवृत्तिवेतन मिळेल, कंत्राटी मजूर मात्र रस्त्यावर येईल आणि तो कोणत्या वस्तीतला आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पाचवी, सौरऊर्जा आणि पवनऊर्जेच्या नव्या धंद्यात नोकऱ्या, ठेके आणि मालकी यांत आपला वाटा हवा. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे मांडले. सूर्य कोणा एका घराण्याच्या मालकीचा होऊ द्यायचा नसेल, तर ते निवेदन पुन्हा वाचले पाहिजे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार बहुतेक मोठ्या प्रकल्पांआधी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची किमान ३० दिवस आधी नोटीस निघते आणि प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. आजवर अशा सुनावण्यांच्या मंडपात पुढच्या खुर्च्यांवर कोण बसले आणि आपली माणसे कुठे होती? आपल्या घराघरांत आज अभियंते आहेत, वकील आहेत, विज्ञानाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी तो सारांश मिळवावा, विहारात रविवारच्या वंदनेनंतर तो वस्तीला समजावून सांगावा आणि सुनावणीच्या दिवशी बोलून आपला आक्षेप इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. बाबासाहेब प्रत्यक्ष खाणीत उतरले होते. आपल्याला निदान त्या मंडपापर्यंत चालत जायला काय हरकत आहे?

जयभीम!